बांधावरचा बंदोबस्त

सतरा सप्टेंबरच्या, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या, निमित्तानं धाराशिव जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी कॉलेजच्या मुलांची वादविवाद स्पर्धा होते. यंदा परीक्षकाच्या खुर्चीवर मी होतो आणि विषय होता, ‘संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना हा निव्वळ देखावा आहे’. मुलांनी तयारी चांगली केली होती. बाजूने बोलणाऱ्यांनी रवांडा आणि स्रेब्रेनित्साची हत्याकांडं काढली, पाठ केलेले आकडे फेकले, टाळ्या घेतल्या. विरुद्ध बाजूच्यांनी हुतात्म्यांचा उल्लेख केला, भारतानं किती सैनिक पाठवले ते सांगितलं, त्यांनाही टाळ्या मिळाल्या. दोन तास ऐकल्यावर लक्षात आलं, की एकीकडे अपयशाचे दाखले आहेत, दुसरीकडे त्यागाचे, आणि शांतिसेनेचं काम नेमकं काय असतं हे एकाही मुलानं सांगितलेलं नाही. यात मुलांना तरी काय बोलायचं? टीव्हीवरच्या चर्चांतही हेच चालतं. कुठे रक्त सांडलं की ‘आता कुठे गेली ती शांतिसेना?’ असा प्रश्न येतो आणि उत्तर ऐकायला कुणी थांबत नाही.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो, आणि ते सांगायला आमच्या शिवारातलंच उदाहरण घेतो. बांधाचा वाद नाही असं गाव आमच्याकडे सापडायचं नाही. भावकीत कुणीतरी नांगरताना बांध कोरतो, बोलाचाली होते, एक दिवस कुऱ्हाड निघते. मग मोजणीचा अर्ज, भूमी अभिलेखचा मोजणीदार, आणि प्रकरण तापलेलं असेल तर पोलीस बंदोबस्तात मोजणी. त्या दिवशी बांधावर उभे असलेले दोन पोलीस जमीन कुणाची ते ठरवत नाहीत. तो त्यांचा अधिकारही नाही. मोजणीदाराचं मशीन लागून हद्दीच्या खुणा पडेपर्यंत कुणी कुणाच्या अंगावर जाऊ नये, एवढ्यापुरते ते उभे असतात. संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना हा असा बंदोबस्त आहे. दोन्ही बाजूंनी मोजणीला होकार दिला असेल तर तो फार उपयोगी पडतो, आणि स्वस्तात पडतो. पण होकारच नसताना, कुऱ्हाडी चाललेल्या असताना, दोन लाठीवाले पाठवायचे आणि मुडदे पडले की लाठीवाल्यांच्या नावानं बोटं मोडायची, हा पाठवणाऱ्यांचा कावा आहे. शांतिसेनेच्या बहुतेक अपयशांच्या मुळाशी मला हा कावा दिसतो.

आपल्या घोटाळ्याला मराठीतला शब्दही थोडा जबाबदार आहे. माझ्या पिढीच्या माणसाला ‘शांतिसेना’ म्हटलं की श्रीलंका आठवते. १९८७ ते १९९० या काळात भारतानं तिकडे पाठवलेल्या सैन्याला आपण शांतिसेनाच म्हणत होतो, आणि ती तमिळ वाघांशी प्रत्यक्ष युद्ध करून, अकराशेच्या वर जवान गमावून परतली. ती संयुक्त राष्ट्रांची नव्हती. तो दोन देशांमधला करार होता आणि ज्यांच्या हातातून शस्त्रं काढून घ्यायची त्यांनी तो मनापासून मान्य केलेलाच नव्हता. त्याआधीच्या पिढीला विनोबांची शांतिसेना आठवते, दंगलीत दोन जमावांच्या मधे नि:शस्त्र उभी राहणारी. लढणारी फौज आणि निःशस्त्र सेवक यांच्या मधे कुठेतरी संयुक्त राष्ट्रांचं दल आहे. त्याच्याकडे हत्यार आहे, पण ते कधी चालवायचं हे न्यूयॉर्कमध्ये लिहिलेल्या कागदावर ठरतं. या कागदाला फौजी लोक ‘मँडेट’ म्हणतात. वाद करायचा तर त्या कागदावर करायला हवा.

आता टीका करणाऱ्यांचं जे खरं आहे ते आधी कबूल करतो, कारण ते फार जड आहे. एप्रिल १९९४ मध्ये रवांडात हुतू कट्टरांनी तुत्सींचं हत्याकांड सुरू केलं, तेव्हा राजधानी किगालीत एका तांत्रिक शाळेत सुमारे दोन हजार माणसं बेल्जियमच्या निळ्या टोपीवाल्यांच्या, म्हणजे शांतिसैनिकांच्या, भरवशावर आश्रयाला आली होती. ११ एप्रिलला त्या सैनिकांना निघण्याचा हुकूम आला. गाड्या फाटकाबाहेर पडल्या आणि टपून बसलेले मारेकरी आत शिरले. बोस्नियातल्या स्रेब्रेनित्साला सुरक्षा परिषदेनं १९९३ मध्ये ‘सुरक्षित क्षेत्र’ जाहीर केलेलं होतं. जुलै १९९५ मध्ये तिथे डच शांतिसैनिकांच्या डोळ्यांदेखत बोस्नियन सर्ब फौजेनं पुरुष आणि मुलगे वेगळे काढले आणि आठ हजारांहून अधिक मारले. २०१० मध्ये हैतीत शांतिसैनिकांच्या एका तळावरची घाण नदीत गेली, कॉलरा पसरला, सुमारे दहा हजार माणसं दगावली, आणि आपली जबाबदारी मान्य करायला संयुक्त राष्ट्रांनी २०१६ उजाडवलं. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात निळी टोपी घातलेल्या काही सैनिकांनी आश्रयाला आलेल्या बायका-मुलींवर अत्याचार केले. ज्याच्याकडे रक्षण मागायचं त्यानंच ओरबाडावं, याला कुठलंही मँडेट, कुठलीही अडचण हे कारण होऊ शकत नाही. अशा सैनिकावर खटला त्याच्या देशानं भरायचा असा नियम आहे, आणि बरेच देश भरत नाहीत. या मुद्द्यावर माझ्याकडे प्रतिवाद नाही. टीका करणारे बरोबर आहेत.

आणखी एक आक्षेप आपल्या घरचा आहे. मराठवाड्यातल्या जुन्या जाणत्यांच्या मनात संयुक्त राष्ट्रांबद्दल अढी आहे ती उगाच नाही. ऑगस्ट १९४८ मध्ये निजाम सरकारनं भारताविरुद्धची तक्रार सुरक्षा परिषदेकडे नेली. इकडे रझाकार गावं लुटत होते आणि तिकडे राजदूतांच्या वाऱ्या चालल्या होत्या. १६ सप्टेंबरला पॅरिसमध्ये परिषदेनं विषय चर्चेला घेतला आणि दुसऱ्याच दिवशी निजामानं हार मानली. तो निर्णय परिषदेच्या टेबलावर झाला नाही, तो सरदार पटेलांच्या निश्चयानं झाला, आणि योग्य झाला. काश्मीरचंही तसंच. तिथे संयुक्त राष्ट्रांचे निरीक्षक १९४९ पासून आहेत. १९७२ च्या सिमला करारानंतर त्यांचं काम उरलेलं नाही, ही भारताची भूमिका मला पटते. तेव्हा संयुक्त राष्ट्रांनी सगळ्या जगाचा पंच व्हावं असं मी म्हणतो आहे, असा समज कुणी करून घेऊ नये.

पण रवांडाकडे पुन्हा एकदा नीट पाहू. तिथल्या दलाचे प्रमुख कॅनडाचे जनरल रोमेओ डॅलेर यांनी ११ जानेवारी १९९४ ला, म्हणजे हत्याकांडाच्या तीन महिने आधी, शस्त्रं कुठे साठवली आहेत ते न्यूयॉर्कला कळवलं होतं आणि छापा घालण्याची तयारी दाखवली होती. मनाई झाली. एप्रिलमध्ये बेल्जियमचे दहा सैनिक मारले गेले तेव्हा परिषदेनं काय करायला हवं होतं? कुमक पाठवायला हवी होती. तिनं २१ एप्रिलला ठराव करून अडीच हजारांचं दल २७० वर आणायचं ठरवलं. डॅलेर यांनी हुकूम जेमतेम पाळला, साडेचारशेच्या आसपास माणसं हट्टानं ठेवून घेतली, त्यांत घानाचे सैनिक मोठ्या संख्येनं होते. त्या मूठभरांनी स्टेडियममध्ये, हॉटेलात, इस्पितळात आश्रयाला आलेल्या हजारो लोकांना जिवंत ठेवलं. शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली त्या देशातली ही गोष्ट आहे. मग हा दाखला कुठल्या बाजूचा? जिथे निळी टोपी उभी राहिली तिथे माणसं वाचली, जिथून ती निघाली तिथे मेली. स्पर्धेत एका मुलानं हाच दाखला ‘शांतिसेना निरुपयोगी’ हे सिद्ध करायला दिला. मी त्याच्या वहीवर लिहिलं, ‘निरुपयोगी असती तर ती काढून घेतल्यानं काही फरक पडला नसता.’

स्रेब्रेनित्साचाही कागद पाहावा. असली ‘सुरक्षित क्षेत्रं’ खरोखर राखायची तर ३४ हजार जादा सैनिक लागतील असं सरचिटणीस बुट्रोस बुट्रोस-घाली यांनी सांगितलं होतं. परिषदेनं मंजूर केले ७,६००. नाव ‘सुरक्षित’ तेवढं कायम ठेवलं. त्या शब्दावर विसंबून लोक तिथे थांबले. आमच्याकडे धरणाचा पाया अर्धा भरून वर फलक लावला आणि खाली पेरणी करायला सांगितली, तर फुटल्यावर आपण चौकीदाराला फाशी देऊ का? डच सैनिकांनी तिथे जे केलं, आश्रितांना तळाबाहेर जाऊ दिलं, त्याची जबाबदारी नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयानंही अंशतः डच सरकारवर ठेवली आहे आणि ते योग्यच आहे. मात्र ३४ हजारांची मागणी ७,६०० वर आणणारे हात कुठल्याच न्यायालयासमोर उभे राहिले नाहीत.

इथे मी आमच्या भागाचं एक वर्ष आठवतो. २९ नोव्हेंबर १९४७ ला भारत आणि हैदराबाद संस्थान यांच्यात जैसे थे करार झाला. वर्षभर कुणी काही बदलायचं नाही, असं ठरलं. दिल्लीचे प्रतिनिधी म्हणून कन्हैयालाल मुन्शी हैदराबादेत होते. पण करार जमिनीवर पाळला जातो आहे की नाही हे पाहणारं, गावाच्या वेशीवर उभं राहणारं कुणीही नव्हतं. लातुरात वकिली केलेला कासिम रझवी रझाकारांना शस्त्रं वाटत होता, आणि कराराचा कागद दोन्हीकडच्या फायलीत सुरक्षित होता. सरहद्दीपलीकडे, उमरखेडपासून बार्शीपर्यंत, स्वामी रामानंद तीर्थांच्या स्टेट काँग्रेसची शिबिरं उभी राहिली. माझ्या आजीचं माहेर त्या वर्षी रात्रीतून गाव सोडून बार्शीकडे गेलं. ती शेवटपर्यंत त्या काळाला ‘रझाकाराचा वखत’ म्हणायची. पाळणारा नसलेला करार म्हणजे काय, हे मराठवाड्याइतकं कुणाला कळावं?

त्याच वर्षाचा दुसरा अर्धा भाग आपण कमी सांगतो. १३ ते १७ सप्टेंबर, पाच दिवसांत कारवाई संपली. भारतीय सैन्य जिंकलं, लोकांनी तिरंगा लावला, आणि तो आनंद खरा होता. त्यानंतरच्या काही आठवड्यांत मात्र खेड्यांतून सूड उगवला गेला, आणि रझाकारांशी काडीचा संबंध नसलेल्या मुसलमानांवरही तो उगवला गेला. पंडित नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. तिनं १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात दौरा केला आणि उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड या जिल्ह्यांना सगळ्यात जास्त झळ बसल्याचं नोंदवलं. पोलीस कारवाईच्या वेळी आणि नंतर मिळून किमान २७ ते ४० हजार माणसं गेली असावीत, असा तिचा अंदाज होता. तो अहवाल कित्येक दशकं प्रसिद्ध झाला नाही. आजी सासरी परतली तेव्हाची गोष्ट. सासरच्यांनी शेजारच्या तांबोळ्याच्या घरातली बायकापोरं चार दिवस बळदात लपवली होती. जोंधळा उपसून जागा केली होती. वरून फळी टाकायची, फळीवर सुपं-टोपल्या मांडायच्या, आणि पोरगं रडलं तर आवाज झाकावा म्हणून जात्यावर बसायचं. आजी सांगायची, चार दिवसांत घरातल्या सगळ्या डाळी दळून झाल्या.

युद्ध जिंकणं आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ राखणं ही दोन निरनिराळी कामं आहेत, आणि पहिलं उत्तम झालं म्हणून दुसरं आपोआप होत नाही, हे त्या बळदानं मला शिकवलं. हैदराबादेत परकी फौज यायला हवी होती असं माझं म्हणणं मुळीच नाही. तो आपला घरचा प्रश्न होता आणि आपण सोडवला. पण १७ सप्टेंबरच्या संध्याकाळी आणि पुढचा महिनाभर गावोगावच्या वेशीत चार-चार शिपाई उभे राहिले असते, ज्यांना कुणाचा सूड घ्यायचा नव्हता असे, तर आजीला जात्यावर बसावं लागलं नसतं. जगात जिथे जिथे यादवी संपते तिथे ही सकाळ येते. तिथे तिऱ्हाईत लागतो.

आमच्या गल्लीत एक निवृत्त सुभेदार राहतात. दक्षिण सुदानमध्ये भारतीय बटालियनबरोबर ते होते. त्यांनी ट्रंकेतून निळी बेरेट काढून दाखवली. डांबराच्या गोळ्यांचा वास, कडेला घामाचा पांढुरका पट्टा अजून तसाच. मी विचारलं, लढाई किती झाली? म्हणाले, ‘सर, आमची निम्मी ड्युटी लाकडाची.’ मला वाटलं काही बांधकाम असेल. तसं नव्हतं. तळाला लागून निर्वासितांची छावणी होती. बायकांना स्वयंपाकाला सरपण लागायचं आणि त्यासाठी चार-पाच किलोमीटर आत झाडीत जावं लागायचं. तिथे हत्यारबंद टोळ्या त्यांना गाठायच्या. म्हणून आठवड्यातले काही दिवस जवानांची तुकडी बायकांबरोबर जायची. जवान गोल करून, बायकांकडे पाठ आणि झाडीकडे तोंड करून, उन्हात उभे राहायचे. बायका मोळ्या बांधायच्या. मग सगळे परत. ‘ज्या दिवशी गाडीला डिझेल नसायचं त्या दिवशीही बायका जायच्या सर. चूल काय थांबते का?’ एवढं बोलून ते गप्प झाले. बेरेट घडी करून पुन्हा ट्रंकेत ठेवली.

त्यांच्या त्या लाकडाच्या फेऱ्यांची बातमी कधी आली का? येणार कशी? काही घडलंच नाही तर बातमी कसली! शांतिसेनेच्या कामाचा मोठा भाग हा न घडलेल्या गोष्टींचा असतो, आणि न घडलेल्याचा फोटो निघत नाही. बातमी होते ती अकोबोची. डिसेंबर २०१३ मध्ये दक्षिण सुदानात यादवी पेटली तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या तळांनी फाटकं उघडून जिवाच्या भीतीनं पळालेल्यांना आत घेतलं. पुढे अशा आश्रितांची संख्या दोन लाखांवर गेली. अकोबोच्या छोट्या तळावर जमाव चालून आला, तिथे आश्रय घेतलेले काहीजण आणि त्यांना राखणारे दोन भारतीय जवान मारले गेले. आपल्या लक्षात अकोबो राहतं, आणि राहायलाच हवं. पण त्याच फाटकांच्या आत जे वाचले त्यांना आपण हिशेबात कुठे धरतो?

न घडलेल्याचा हिशेब मांडता येतो, फक्त कष्ट घ्यावे लागतात. अमेरिकेतल्या अभ्यासक व्हर्जिनिया पेज फोर्टना यांनी शीतयुद्धानंतरच्या यादवींचा अभ्यास करून दाखवलं, की शांतिसैनिक सहसा सोप्या ठिकाणी जात नाहीत, जास्त चिघळलेल्या ठिकाणी जातात, आणि तरीही ते गेलेल्या देशात पुन्हा युद्ध भडकण्याचा धोका लक्षणीय घटतो. इस्पितळात माणसं मरतात म्हणून इस्पितळ वाईट ठरवणारा माणूस आपण शहाणा समजत नाही. नामिबियात १९८९ मध्ये भारताचे लेफ्टनंट जनरल प्रेमचंद यांच्या हाताखालच्या दलाच्या देखरेखीखाली निवडणूक पार पडली आणि मार्च १९९० मध्ये देश स्वतंत्र झाला. लायबेरियात २००३ साली दल गेलं, लाखभर लढवय्यांची शस्त्रं उतरवली, निवडणुका झाल्या, २०१८ मध्ये ते परत आलं. तिथे २००७ पासून नऊ वर्षं भारताच्या केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या महिलांची सबंध तुकडी रात्रीची गस्त घालत होती. सिएरा लिओनमध्ये तर आधी फजिती झाली होती. मे २००० मध्ये बंडखोरांनी पाचशे शांतिसैनिक ओलीस धरले. कैलाहूनला वेढ्यात अडकलेल्या दोनशेहून अधिक भारतीयांना जुलैमध्ये ऑपरेशन खुकरीत लढून बाहेर काढावं लागलं. त्यानंतर परिषद शहाणी झाली, दल साडेसतरा हजारांपर्यंत वाढवलं, आणि २००५ अखेर ते काम संपवून निघालं. मोझांबिक, एल साल्वादोर ही नावं तर आता कुणाच्या तोंडी नाहीत. काम झालं की गाव विसरतं.

‘कायम बसून राहतात’ हा आक्षेप उरतो. सायप्रसमध्ये १९६४ पासून, दक्षिण लेबनॉनमध्ये १९७८ पासून. बरोबर आहे. बंदोबस्त आहे म्हणून तहसीलदार मोजणी पुढे ढकलत राहतो, हे आपण पाहिलेलं आहे. पण म्हणून बंदोबस्त उठवायचा की तहसीलदाराला जाब विचारायचा? आणि उठवला तर काय होतं याचे दाखले आहेत. मे १९६७ मध्ये इजिप्तनं सांगितलं म्हणून सिनाईतून दल निघालं. इस्रायलनं ते आपल्या बाजूला उभं करायलाही नकार दिला, आणि ५ जूनला युद्ध पेटलं. सुदानच्या दारफूर भागातलं दल २०२० अखेर बंद केलं. ते काही फार कर्तबगार नव्हतं. एप्रिल २०२३ मध्ये सुदानात युद्ध सुरू झालं, आधी दारफूरमधल्या अल-जुनैनात आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये अल-फाशिरमध्ये माणसं कापली गेली, आणि आता विचारतात, शांतिसेना कुठे होती? ती आपणच घरी पाठवली होती. मालीच्या लष्करी सरकारनं २०२३ मध्ये दल घालवून दिलं, तेही तीनशेहून अधिक जीव गेल्यानंतर. तिथे मला दलाला पाठवण्यातच चूक दिसते. ज्यांच्यात समेट झालेलाच नाही, ज्यांतल्या काहींना तो नकोच आहे, अशांच्या मधे बंदोबस्त उभा करता येत नाही. तिथे एकतर लढणारी फौज लागते, नाहीतर थांबावं लागतं. काँगोत गोमा शहर नोव्हेंबर २०१२ मध्ये बंडखोरांनी निळ्या टोप्यांसमोर घेतलं. पुढच्या वर्षी आक्रमक कारवाईची परवानगी असलेली खास ब्रिगेड आली, तेव्हा तेच बंडखोर मागे हटले. समेट मात्र झालाच नाही, शेजारी देशाचा हात निघाला नाही, आणि जानेवारी २०२५ मध्ये गोमा पुन्हा पडलं.

आता पैशाचं बोलू, कारण ‘पैसा पाण्यात’ हे वाक्य स्पर्धेत तीनदा ऐकलं. शांतिसेनेचा सगळ्या जगातला वर्षाचा खर्च अलीकडे साधारण साडेपाच अब्ज डॉलर होता. जगाचा लष्करी खर्च २०२४ मध्ये २,७०० अब्ज डॉलरच्या वर गेला. म्हणजे फौजेवर पाचशे रुपये घालताना आपण बंदोबस्तावर एक रुपया टाकतो. तोही वेळेवर येत नाही. मोठे देश वर्गणी थकवतात आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये पैशाअभावी सुमारे पाव सैनिक परत आणण्याची घोषणा संयुक्त राष्ट्रांना करावी लागली. सुभेदारांच्या गाडीतलं डिझेल कुठे अडतं ते इथे दिसतं.

आणि मरतं कोण? आजवर ४,४०० हून अधिक शांतिसैनिक गेले, त्यांत भारताचे सुमारे १८०. सैनिक देणाऱ्यांच्या यादीत वर नेपाळ, बांगलादेश, रवांडा, भारत. होय, रवांडाच. आपल्यावर गुदरल्यानंतर तो देश इतरांसाठी उभा राहिला. ठराव लिहिणाऱ्या पाच कायम सदस्यांपैकी चीन सोडला तर बाकीच्यांचे सैनिक नावापुरते. गरीब देश पैशासाठी पोरं पाठवतात हा आरोप काही देशांच्या बाबतीत खरा आहे, भरपाईची रक्कम त्यांना लागते. पण ज्यांना पोरं पाठवायची नाहीत त्यांनी तो आरोप करावा, हे मला सोसत नाही.

पहाटे आमच्या हायवेच्या कडेनं भरतीची पोरं पळतात. दुष्काळी शेत, दोन एकर, घरात बहिणीचं लग्न. त्यांच्यातलाच एखादा उद्या काँगोत किंवा सुदानात उभा असेल. ‘परक्याच्या भांडणात आपली पोरं का?’ असा प्रश्न त्याच्या आईनं विचारला तर मी सुरक्षा परिषदेतल्या कायम जागेचं कारण सांगणार नाही. गेली कित्येक दशकं ते कारण सांगितलं जातं आणि जागा काही मिळत नाही. मी तिला कोरिया सांगेन. १९५३ मध्ये तिथल्या युद्धकैद्यांना राखण्याचं काम जनरल थिमय्या आणि आपले कोल्हापूरकडचे मेजर जनरल थोरात यांच्याकडे आलं. बावीस हजारांवर कैदी, चिडलेले, आपापसांत मारामाऱ्या करणारे. दक्षिण कोरियाच्या सरकारला भारतीय इतके नकोसे, की त्यांच्या जमिनीवर पाय लागू नये म्हणून आपल्या जवानांना हेलिकॉप्टरनं न्यावं लागलं. कैद्यांनी एका भारतीय मेजरला पकडून ठेवलं तेव्हा थोरात स्वतः त्या कुंपणात गेले, बोलत बसले आणि त्याला घेऊन बाहेर आले. गोळीबाराचा हुकूम देणं त्यांच्या हातात होतं. दोन्ही बाजूंना विश्वास वाटेल असे लोक जगात थोडे असतात. आपण तसे होतो, अजून आहोत. ही आपली कमाई आहे आणि ती वापरायला हवी.

पण आंधळेपणानं नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या ४४ व्या कलमात सैनिक देणाऱ्या देशाला त्याच्या सैनिकांच्या वापराविषयीच्या निर्णयात बोलावण्याची तरतूद आहे. भारत तिचा दाखला अनेकदा देतो, पुढे काही होत नाही. भारतानं आता अडून बसावं. जिथे समेटावर सह्या नाहीत तिथे आमची बटालियन येणार नाही. जिथे ३४ हजार लागतात तिथे ७,६०० चा ठराव होत असेल तर आम्ही त्यात नाही. आणि आमच्या एखाद्या जवानानं कुणा बाईला हात लावला तर खटला इथे, उघड चालेल, निकाल त्या देशाला कळवला जाईल. इतकं म्हणण्याइतपत आपलं वजन आहे. १९५० पासूनचा हिशेब धरला तर दोन लाखांहून अधिक माणसं आपण पाठवली आहेत.

दक्षिण लेबनॉनमधल्या दलाची मुदत ३१ डिसेंबर २०२६ ला संपवायची असं परिषदेनं ऑगस्ट २०२५ मध्ये ठरवलं. त्या दलात भारतीय बटालियन वर्षानुवर्षं आहे. १ जानेवारीला त्या टेकड्यांवरच्या गावांत कोण उभं असेल, याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही. स्पर्धेच्या आयोजकांना मी चिठ्ठी दिली आहे की पुढच्या सतरा सप्टेंबरला हाच प्रश्न विषय म्हणून द्या, आणि मुलांना तयारीसाठी सुभेदारांकडे पाठवा. ते संध्याकाळी पाचनंतर घरी असतात.